‘कामाला लावलं आणि पुन्हा उलटलं तर?’

‘मॅडम, त्याला कामाला लावलं आणि पुन्हा उलटलं तर?’ स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा गंभीर मानसिक आजार असलेल्यांचे आईवडील हा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाहीत. उलटणं म्हणजे बरा होत आलेला आजार पुन्हा वाढणं. मुलगा पंचविशीचा असो की पंचेचाळिशीचा.

सुहासच्या (नाव बदललंय) आईंनीही तोच विचारला. लालबागचं घर, वडील गेलेले. पहिली नोकरी आजारात सुटली, पुढची रात्रपाळीनं घालवली. ‘त्याचं मन कशात तरी गुंतवा, बाकी काही नको,’ आई म्हणाल्या. मी म्हटलं, ‘काकू, मन गुंतवायला टीव्ही आहे की. तो कित्येक वर्षं चालूच आहे.’

परळला एका खोलीत आजारातून सावरणारी काही मंडळी कापडी पिशव्या शिवतात. गट त्यांचाच, भाव, वेळा, पैशांची वाटणी सगळं महिन्याच्या मीटिंगला ठरतं. सुहासला शिवण येत नाही, म्हणून त्यानं मालाची वही घेतली. आणि लगेच खाडे सुरू झाले. आई सकाळी फोन करायच्या, ‘त्याचं पोट बिघडलंय.’ गटात कुरकुर व्हायला लागली.

‘पोट खरंच बिघडतं?’ मी त्याला विचारलं.

‘नाही. रात्रीच्या गोळीची गुंगी असते. नऊला उठवतच नाही.’

‘मग तसं सांग ना.’

‘आई म्हणते, गोळीचं बाहेर बोलायचं नाही.’

‘तिथं गोळी न घेणारं कोण आहे?’

तो हसला. माझ्यासमोर पहिल्यांदाच.

पुढच्या मीटिंगला तो उभा राहिला. ‘नऊला मला जमत नाही, गोळीची झोप असते. अकराला येतो, सातपर्यंत थांबतो.’ खोलीत शांतता. मग मशीनवरच्या एका ताई म्हणाल्या, ‘माझंही तेच आहे, पण बोलणार कोण?’ आणखी दोघांनी हात वर केले. हात मोजून गटाची वेळ अकरा ठरली.

आई माझ्याकडे आल्या त्या रागानं. ‘चारचौघांत गोळीचं सांगितलं त्यानं!’ मी विचारलं, ‘मग चारचौघांनी काय केलं?’ त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांना कामाची भीती नव्हतीच. लोकांना कळेल याची होती. हे मला आधीपासून वाटत होतं, पण ते मी सांगून त्यांना पटलं नसतं.

रुग्णांनी स्वतः चालवलेल्या अशा गटांकडे माझा कल आहे, तो लपवत नाही. इटलीतल्या त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयात फ्रांको बासाल्या या मनोविकारतज्ज्ञानं 1970च्या दशकात रुग्णांची सहकारी संस्था उभी राहू दिली. तोवर तीच माणसं ‘उपचार’ म्हणून झाडलोट करत, मजुरीच्या नावाखाली किरकोळ काही मिळे. संस्थेत त्याच कामाचा करार झाला, पगार झाला. तिथल्या 1991च्या कायद्यानं अशा संस्थांत किमान 30 टक्के कामगार वंचित गटांतले असावे लागतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्या लिज्जतमध्येही लाटणारी बाई मालकीणच असते. दिवस भरण्यासाठी दिलेलं काम आणि ज्यात आपलं मत मोजलं जातं ते काम, यांत मला फार मोठा फरक दिसतो.

उलटण्याची भीती मात्र खोटी नाही. काम गोळ्यांची जागा घेत नाही. रात्रपाळी नकोच, झोप मोडते आणि आजार बहुतेकदा तिथूनच डोकं वर काढतो. सुरुवात थोड्या तासांनी करावी. गुंगी फार असेल तर गोळी परस्पर बंद न करता तिच्या वेळेबद्दल आणि मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोलावं. कामाच्या जागी निदान एकाला सगळं माहीत असावं. पैसे थोडे का असेनात, त्याच्या स्वतःच्या खात्यात जावेत. आणि खाड्याचा फोन त्यानंच करावा, आईनं नाही. मानसिक आजार 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला लाजू नये.

सुहास मध्ये एकदा आजारी पडला, थोडे दिवस घरी राहिला. वही दुसऱ्यानं सांभाळली, परत आल्यावर त्याला दिली.

परवा आई विचारत होत्या, ‘आता स्थळं बघायला हरकत नाही ना?’ मी म्हटलं, ‘त्याला विचारलंत?’ नव्हतं विचारलं.