टीबीच्या गोळ्यांनी मुलीची लघवी केशरी होते, मळमळतं. गोळ्या थांबवू का?

केशरी लघवी टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे. घाम, डोळ्यांतलं पाणीही रंगतं. घाबरू नका, चड्डीवर डाग मात्र पडतील. नुसत्या मळमळीसाठी परस्पर गोळ्या बंद करू नका. थोडी पेज किंवा मऊ भात भरवून द्या. विरघळणारी गोळी पाण्यात पूर्ण विरली की लगेच पाजा.

खरी काळजी यकृताची. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना उडणं, पोटात उजवीकडे वर दुखणं, डोळे पिवळे: यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्या, लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टरच ठरवतील. एथाम्ब्युटॉल ही टीबीची गोळी चालू असेल तर नजरेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून अधूनमधून लाल-हिरवे खडू ओळखायला लावा. हातापायांना मुंग्या आल्या तर आयसोनियाझिड या टीबीच्या गोळीचा संशय. डॉक्टरांना जीवनसत्त्व बी-६ बद्दल विचारा.