बंदी येऊनही दिदरोचा विश्वकोश पूर्ण कसा झाला?

१७५९ साली फ्रेंच सरकारने परवाना काढून घेतला, तरी फ्रेंच विचारवंत दिदरोने संपादित केलेला विश्वकोश शेवटपर्यंत कसा छापला गेला, असं तुम्ही विचारलंय. विचारस्वातंत्र्याचं बळ होतंच, पण माझ्या मते कोश वाचवला तो वर्गणीदारांच्या आगाऊ पैशाने.

१७५० च्या जाहिरातपत्रकात मजकुराचे ८ आणि चित्रांचे २ खंड २८० लिव्रला (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) कबूल केले होते. नोंदणीला ६०, पहिला खंड घेताना ३६, दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत प्रत्येकी २४, आणि शेवटी आठवा खंड व चित्रं मिळून ४०. पुढे काम वाढत गेलं. मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ खंड झाले, किंमत ९८० लिव्रवर गेली. प्रती ४,२२५.

बंदी आली तेव्हा सातच खंड निघाले होते. प्रत्येक वर्गणीदाराला ७२ लिव्र परत करा, असा हुकूम झाला. मागायला जवळपास कुणीच गेलं नाही! प्रकाशकांनी चित्रखंडांसाठी वेगळा परवाना मिळवला आणि ते ७२ लिव्र त्या खात्यात वळवले. पुस्तकव्यवहाराचा प्रमुख मालझेर्ब स्वतःच कोशाला अनुकूल होता; शिवाय काम देशाबाहेर गेलं तर त्यामागोमाग पैसाही जाणार, हे उघड होतं. १७६२ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने उरलेलं काम तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या रीगा शहरात छापून द्यायची तयारी दाखवलीच होती.

मजकुराचे उरलेले दहा खंड पॅरिसमध्येच छापले गेले आणि १७६५-६६ च्या सुमारास एकदम बाहेर पडले. मुखपृष्ठावर गाव मात्र स्वित्झर्लंडमधलं नेशातेल. या सुटकेची किंमत मोठी होती. मुद्रक ल ब्रतोंने धोका टाळायला दिदरोने तपासून दिलेल्या प्रुफांतला मजकूर परस्पर छाटला. १७६४ मध्ये ते उघडकीला आलं, तेव्हा बरंचसं छापून झालं होतं. हे नुकसान आजही वाचताना सलतं.

'कोश सामान्यांपर्यंत पोचला' असं कुठे वाचलंत तर आधी आवृत्ती कोणती ते बघा. फोलिओ, क्वार्टो, ऑक्टाव्हो हे पुस्तकाचे उतरत्या क्रमाने आकार; मूळ कोश फोलिओ. फोलिओत कागदाला एक घडी, म्हणजे ४ पानं. क्वार्टोत ८, ऑक्टाव्होत १६. आकार लहान, चित्रंही कमी, म्हणून १७७७ पासूनची क्वार्टो ३८४ लिव्रला आणि नंतरची ऑक्टाव्हो २२५ ला मिळे. तीही घेणारे मुख्यतः वकील, सरकारी अधिकारी, धर्मगुरू आणि सरदार. मजुराच्या आवाक्यात यातली एकही नव्हती.