उजव्या हातावर गोंदण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा फोटो पाहिला. उजव्या मनगटाच्या वर, आतल्या बाजूला पेनानं 'आई' लिहिलंयस आणि विचारतेस, "सर, रविवारी हेच गोंदून घेऊ का?" जरा थांब.

तू एसएससी जीडी, म्हणजे केंद्रीय दलांतल्या शिपाई भरतीची परीक्षा देतेयस. सीआरपीएफ, सीआयएसएफ, बीएसएफच्या या भरतीत टॅटूला सरसकट बंदी नाही. नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला नाहीतर पंजाच्या पाठीवर, आणि तेही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. उजवा हात सॅल्यूटचा, म्हणून तो कोरा हवा. सैन्याचा नियम वेगळा आहे, तिथे दोन्ही हातांची आतली बाजू चालते. तेव्हा कोण काय म्हणतं ते सोड, आपल्या भरतीची जाहिरात स्वतः वाच.

माझ्याकडे सरावाला एक मुलगा होता. मुलांना पाच किलोमीटरला 24 मिनिटं मिळतात, तो वीसच्या आत यायचा. लेखी पास, मैदान पास, आणि मेडिकलला अनफिट. उजव्या हातावर हेच दोन अक्षरांचं 'आई'. निकालानंतर भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तो माझ्या दारात उभा राहिला. वर्षभर मी त्याचे पाय बघत होतो, हात कधी पाहिलाच नाही. ती चूक माझी. तेव्हापासून पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बाह्या वर करायला लावतो. तू मधूनच आलीस, म्हणून राहून गेलं.

लेझरनं जातं म्हणतात. जातं, पण एका बैठकीत नाही. दोन बैठकांच्या मध्ये कित्येक आठवडे जातात, पैसा जातो आणि कधी कधी डाग मागे राहतो. भरतीची तारीख तेवढी थांबत नाही.

गोंदण वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या आजीच्या हातावर तुळस होती, हनुवटीवर तीन ठिपके. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती म्हणायची. तुलाही आईचं नाव अंगावर हवंसं वाटतं, ते मला कळतं. रुजू झाल्यावर तुझ्या दलाचा नियम विचार, मग डाव्या हातावर छोटंसं काढ. नव्या सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडलेलं असू दे.

रविवारी मात्र साडेपाचला मैदानावर ये. 1600 मीटरला तुला 8 मिनिटं 40 सेकंद लागतायत. साडेआठ मिनिटांच्या आत यायचंय.

तुझे सर