लेटेक्सचा फुगा खरंच कुजतो का?

प्रश्न: आम्ही चोपड्याचे बारावी सायन्सचे मित्र आहोत. थर्माकोलच्या डब्यात कॅमेरा, जीपीएस आणि टेम्परेचर सेन्सर ठेवून वेदर बलूनने वर पाठवायचाय. काका म्हणतात कचरा होईल, पण फुगा लेटेक्सचा आहे, बायोडिग्रेडेबल म्हणून विकतात. मग अडचण काय?

उत्तर: भाऊ, काकांचं बरोबर आहे. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक हे खरं, पण फुगा बनवताना त्यात गंधक आणि इतर केमिकल्स घालतात म्हणून तो टिकतो. टास्मानिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी फुगे गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात आणि कंपोस्टमध्ये 16 आठवडे ठेवून बघितले, तरी ते फुग्यासारखेच राहिले.

आणि फुगा एकटा थोडाच पडतो! 30 किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण एक टक्का उरतो, तिथे फुगा ताणून ताणून फुटतो आणि डबा, पॅराशूट, दोरी सगळं खाली येतं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे तुमचा डबा पूर्वेला यावल-रावेरकडे नाहीतर सातपुड्याच्या जंगलात, जिथे मोबाइलची रेंजच नाही, मग जीपीएसची जागा तुम्हाला कळणार कशी आणि डबा शोधणार कसा? मला सगळ्यात जास्त काळजी त्या नायलॉनच्या दोरीची वाटते. वेचणीत तिचा तुकडा कापसात गेला की जिनिंगमध्ये (सरकी काढताना) त्याचे बारीक तंतू होऊन कापसाच्या गाठीत मिसळतात, सूत होईपर्यंत कोणाला दिसत नाही आणि कापड रंगवलं की तेवढाच धागा रंग धरत नाही, भाव पडतो तो शेतकऱ्याचा. चाऱ्यातून गाईच्या पोटात गेली तर आणखी वाईट.

त्यापेक्षा फुगा बांधूनच उडवा ना. डिसेंबर-जानेवारीत पहाटे, वारा पडलेला असताना, हेलियमचा फुगा (हायड्रोजन नको, पेट घेतो) जाड सुती दोरीने थोडा थोडा वर सोडा आणि दर दहा मीटरला टेम्परेचर लिहा. आकाश निरभ्र असेल तर खाली गार आणि वर गरम असं उलटं निघेल, थंडीत केळीच्या बागेत केलेला धूर खालीच का पसरून राहतो ते तुमच्याच आकड्यांत दिसेल, आणि हे तुमच्या प्रोजेक्टला कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा जास्त वजन देईल असं मला मनापासून वाटतं. विजेच्या तारांपासून लांबचं मोकळं शेत बघा, शेतमालकाला आणि पोलीस स्टेशनला आधी सांगा, जळगावला विमानतळ आहे तिथेही विचारून घ्या. काम झालं की फुगा गुंडाळून घरी आणा.