वाचक विचारतात : डिटेल्सची लायब्ररी कशी लावावी?

प्रश्न : रत्नागिरीत आमचं छोटं आर्किटेक्ट ऑफिस आहे. जुन्या कामांची डिटेल्स (इमारतीच्या एकेका भागाची बारकाव्यांसह मोठी ड्रॉइंग) साइटवार फोल्डरमध्ये विखुरली आहेत. ज्याला जी फाइल सापडेल ती तो कॉपी मारतो. एक लायब्ररी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सगळं एकत्र गोळा करण्यापासून तर नकोच. त्यातून फक्त मोठी अडगळ तयार होते. अलीकडच्या चार-पाच कामांची शीट्स घ्या आणि जी डिटेल्स पुन्हापुन्हा काढावी लागली तेवढीच वेगळी करा. तीस-चाळीस निघाली तरी छोट्या ऑफिसला पुष्कळ झाली.

फोल्डर इमारतीच्या भागानुसार लावा : जोतं, भिंत, दारं-खिडक्या, गच्ची, कौलारू छप्पर, ओल्या जागा. साहित्यानुसार नको, ड्राफ्ट्समन शोधतो तो खिडकीचा खालचा कोपरा, सिलिकॉन नव्हे. फाइलला भाग, अनुक्रम आणि आवृत्ती एवढंच नाव पुरे, उदाहरणार्थ ३०-०४-ब. डिटेल बाद झालं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, नाहीतर जुन्या शीटवरचा उल्लेख भलत्याच डिटेलकडे जाईल.

सगळी डिटेल्स एकाच कोऱ्या टेम्प्लेटमध्ये आणा, आणि आणल्यावर पर्ज करा, म्हणजे न वापरलेलं सगळं काढून टाका. एरवी जुन्या फाइलचे लेयर आणि टेक्स्ट स्टाइल मागोमाग येतात. प्रिंटवर अक्षर २.५ मिमी हवं असेल तर मॉडेलमध्ये (जिथे सगळं खऱ्या मापात काढतो) १:१० साठी २५ मिमी आणि १:५ साठी १२.५ मिमी ठेवा.

चालू कामात डिटेलची प्रतच घाला, एक्सरेफ (मूळ फाइलशी जिवंत दुवा) जोडू नका. लायब्ररीतली फाइल उद्या सुधारली की एक्सरेफमुळे साइटला दिलेलं ड्रॉइंगही गुपचूप बदलतं, आणि ठेकेदाराच्या हातातला कागद वेगळाच राहतो. मूळ फोल्डरमध्ये बदल करायचा हक्क एकाकडेच ठेवा, बाकीच्यांना फक्त वाचता यावं.

प्रश्न : पुण्याच्या कामातलं खिडकीच्या सिलचं (चौकटीखालच्या पट्टीचं) डिटेल देवगडच्या घराला वापरलं. पावसात चौकटीखाली ओल येते. डिटेल चुकीचं होतं का?

उत्तर : पुण्यात चाललं असेल. देवगडला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि चिरा, म्हणजे भिंतीचा जांभा दगड, पाणी पितो. तीन जागा तपासा. दगडी सिलला बाहेरच्या बाजूला साधारण १:१० उतार हवा आणि सिल गिलाव्याच्या पुढे निदान ५० मिमी यायला हवी. सिलची दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत ७५ मिमी तरी घुसलेली हवीत. नुसती टेकवली असतील तर पाणी नेमकं त्या सांध्यातून चिऱ्यात शिरतं. तिसरी जागा सिलखालची ड्रिपची खाच. कागदावर ती हमखास असते, पण रंगारी पुट्टी भरून ती बुजवतो आणि थेंब सुटून खाली पडण्याऐवजी सिलच्या पोटाखालून भिंतीपर्यंत सरकतो. म्हणून खाच १२ मिमी रुंद दाखवा आणि शेजारीच लिहा : ‘पुट्टी भरू नये’.

तुमच्या डिटेलमध्ये भिंत २३० मिमी विटेची असेल तर तेही इथे जुळणार नाही. चिऱ्याचं माप खाणीप्रमाणे बदलतं, त्यामुळे भिंतीची जाडी आकड्यात बांधू नका.

खरी उणीव मात्र रेषांत नव्हती. प्रत्येक डिटेलसोबत अर्धं पान हवं : कुठे चालतं, कुठे चालत नाही, साइटवर काय बिघडलं. ‘उघड्या पश्चिमेला वापरू नये’ एवढी ओळ असती तरी ते डिटेल देवगडपर्यंत आलं नसतं. पावसाळा संपला की साइटवर फेरी मारून हे पान भरायचं.

प्रश्न : बाल्कनीच्या डिटेलवर सळईचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि रेलिंगच्या स्टीलचा ग्रेड लिहून ठेवावा का?

उत्तर : कव्हर नको. आयएस ४५६:२००० नुसार किनारी हवेला उघडं काँक्रीट ‘तीव्र’ गटात येतं : एम३० ग्रेडचं काँक्रीट, ०.४५ पर्यंत पाणी-सिमेंट प्रमाण, ४५ मिमी कव्हर. लाटांचे तुषार अंगावर येत असतील तर ‘अतितीव्र’, म्हणजे एम३५ आणि ५० मिमी. एकच बाल्कनी चिपळूणला आणि मालवणच्या किनाऱ्यावर वापरली जाणार असेल तर कव्हर ‘स्ट्रक्चरल ड्रॉइंगप्रमाणे’ लिहिणंच बरं. रेलिंगचा ग्रेड मात्र स्पष्ट लिहा. किनाऱ्यावर ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर लवकरच तपकिरी डाग येतात, तिथे ३१६ घ्या. आणि स्क्रूही त्याच ग्रेडचे हवेत असं लिहायला विसरू नका, ठेकेदार नेमके तेच साधे आणतो.