अन्न जठरात पचते, मग लहान आतड्याचे काम काय?

आपण विचारले आहे की, अन्न जठरात पचत असेल तर त्यापुढे एवढ्या लांबलचक लहान आतड्याची गरजच काय. मी ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गातही दरवर्षी येतो. त्याचे मूळ एका गैरसमजात आहे. जठर अन्न घुसळते, आम्लात त्याची पातळ लापशी करते आणि प्रथिनांच्या पचनाला सुरुवात करून देते. बाकीचे बहुतेक पचन आणि जवळजवळ सारे शोषण लहान आतड्यातच होते.

आपल्या नेहमीच्या वरण-भात-तूप-लिंबाचेच उदाहरण घेऊ. जठरातून ही लापशी थोडी थोडी ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या सुमारे २५ सेंटिमीटरांच्या भागात उतरते. स्वादुपिंडाचा रस तेथे आधी तिची आम्लता मोडतो, कारण त्यातील विकरांना, म्हणजे अन्नाचे तुकडे करणाऱ्या प्रथिनांना, आम्लात काम करता येत नाही. मग भातातील पिष्टाच्या आणि डाळीतील प्रथिनांच्या लांब साखळ्या भराभर तुटू लागतात. तूप मात्र पाण्यात मिसळत नाही, म्हणून यकृतातून आलेला पित्तरस त्याचे अतिशय बारीक थेंब करतो आणि त्यानंतरच लायपेज हे विकर त्यावर नीट काम करू शकते. पित्तरसात स्वतःचे पाचक विकर नसते, हे विद्यार्थी हमखास विसरतात.

प्रात्यक्षिकाच्या तासाला सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याचा छेद ठेवला की, गुलाबी रंगवलेले, बोटांसारखे उंचवटे एकमेकांना खेटून उभे दिसतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. एकेकाची उंची जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर असते, आणि त्यांवरील पेशींना पुन्हा त्याहून कितीतरी सूक्ष्म अशी दाट किनार असते. पिष्ट तुटून उरलेल्या साखरेच्या जोड्या तोडणारी विकरे या किनारीवरच बसलेली असतात, त्यामुळे शेवटचा तुकडा पडतो तेथूनच ग्लुकोज आत घेतले जाते. आतड्याचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो असे जुन्या पुस्तकांत वाचायला मिळते. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीत तो संपूर्ण पचनमार्गाचा मिळून सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपास भरला. ठाण्यातल्या एखाद्या वन-रूम-किचन घराएवढी ही जागा पोटात घड्या घालून बसवलेली आहे, आणि तिच्यावरील पेशी दर तीन ते पाच दिवसांनी बदलत असतात.

पेशींचा हा एकेरी थर ओलांडेपर्यंत घास खऱ्या अर्थाने शरीरात आलेलाच नसतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तो ओलांडल्यावर ग्लुकोज आणि ॲमिनो आम्ले रक्तातून थेट यकृताकडे जातात. तुपातील मेद मात्र पेशीत पुन्हा जोडला जातो, लसीकावाहिन्यांत, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या, लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत, शिरतो आणि यकृताला वळसा घालून मानेच्या पायथ्याशी रक्तात मिसळतो. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अधिक शोषले जाते; जेवणानंतर लगेच घेतलेला चहा नेमका त्याच्या आड येतो.

आतड्याच्या प्रत्येक भागाची कामे वाटलेली असतात, हे मी पुस्तकापेक्षा घरी अधिक शिकलो. माझ्या आईच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग क्षयरोगामुळे काढावा लागला. जेवण पूर्ववत झाले, वजनही भरले, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तीन वर्षांनी तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि तपासणीत बी-१२ फार कमी निघाले. हे जीवनसत्त्व शेषांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, त्या टोकालाच शोषले जाते, आणि यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असल्यामुळे उणीव उशिरा कळते. आता दर महिन्याला मी तिला नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे बी-१२च्या इंजेक्शनसाठी घेऊन जातो.