खोल समुद्राच्या तळाशी ऊन पोचतच नाही, मग तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीचे जीव जगतात कशावर?
थोडक्यात सांगायचं तर गंधकावर. १९७७ साली पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ आल्विन पाणबुडी साधारण अडीच किमी खाली गेली तर गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती जीवांची ही गर्दी, शास्त्रज्ञ चाटच पडले. त्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू असतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास, आपल्याला विषारी, पण तिथले बॅक्टेरिया त्याची ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन करून एनर्जी काढतात आणि तीच वापरून कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. तिथल्या मोठ्या ट्यूबवर्मला (नळीत राहणाऱ्या किड्याला) तर तोंडही नाही न आतडंही नाही, लालभडक पिसाऱ्यातून सल्फाइड, ऑक्सिजन ओढून अंगातल्या बॅक्टेरियांना पुरवतो, ते त्याला पोसतात. फक्त या जीवांचा सूर्याशी काहीच संबंध नाही असं म्हणतात ते अर्धंच खरं बरं का, कारण तो ऑक्सिजन वर उन्हात झालेल्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो.